राहून गेलेलं नाव

परवा पुण्यात एका कॅफेत बसले होते. मैत्रीण तिच्या सुनेबद्दल सांगत होती, गोष्ट नेमकी रंगात आली होती, आणि वरच्या स्पीकरवर ते गाणं लागलं. सुरुवातीची गिटारची धून कानावर पडली मात्र, मी पर्स उचलली आणि सरळ दाराबाहेर जाऊन उभी राहिले. मैत्रिणीला वाटलं मला गरगरतंय. गाणं संपल्यावर मी परत आत आले आणि म्हणाले, काही नाही गं, जुनी सवय आहे. ही सवय मला डेरेकने लावली.

डेरेक जर्मनीत कोलोनला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, तिथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि त्याच्या नोकरीपायी आम्ही तिथे पाच-सहा वर्षं काढली. नवं शतक लागून थोडेच दिवस झाले होते. डेरेक मूळचा इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहान गावचा. उंच, जरासा पोक काढून चालणारा. बारा महिने अंगात एकच तपकिरी जाकीट. केस असे की एकेकाळी त्यांची तारीफ झाली असावी आणि ते केसांना अजून विसरता आलेलं नसावं. नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये गिटारवाल्या पोरांच्या बँडची लाट आली होती, त्यातल्या एका बँडमध्ये तो गिटार वाजवायचा. बँड बऱ्यापैकी गाजला. एक गाणं तर फारच गाजलं, तेच हे कॅफेतलं. त्याच्या सुरुवातीची धून डेरेकची होती.

बँडचं नाव मी लिहीत नाही, कारण डेरेक ते कधीच उच्चारत नसे. तो फक्त 'ती मंडळी' म्हणायचा. 'मग ती मंडळी जपानला गेली,' असं काहीतरी सांगायचा, आणि आपण विचारलं की तेव्हा तू कुठे होतास, तर म्हणायचा, 'मीही गेलो होतो ना.' हळूहळू आमच्या घरातही ती 'ती मंडळी'च झाली. ईरा, आमची लेक, तेव्हा चार वर्षांची होती. डेरेककाकांच्या गोष्टीतली ती मंडळी म्हणजे कुणी राक्षस असावेत, अशी तिची समजूत होती. डेरेकला ही समजूत पसंत होती.

आता तो वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये जाऊन साहेबलोकांना इंग्रजी शिकवायचा. दिवसभर जर्मन मॅनेजरांना 'कृपया' आणि 'आपली हरकत नसेल तर' म्हणायला शिकवून तो घरी यायचा, आणि घरी बसून पुस्तक लिहायचा. त्या पुस्तकात 'कृपया' कुठेच नव्हतं. बँडच्या दिवसांच्या त्या आठवणी होत्या, आणि त्यातून कुणीही सुटलं नव्हतं. ड्रमरच्या पायांचा वास, मॅनेजरची पँट, लंडनच्या एका रेकॉर्डिंगवाल्याचे बूट, यांवर त्याने पानंच्या पानं लिहिली होती.

आमची ओळख झाली ती भीतीतून. रविवारची दुपार होती. जर्मनीत रविवारी दुपारी भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही, हे आम्हाला आल्या आल्या चार जणांनी बजावलं होतं. तरी दिवाळीचा कार्यक्रम जवळ आला होता म्हणून तिथल्या मराठी मंडळाची पोरं आमच्याकडे हार्मोनियमवर गाणी बसवत होती. दारावरची बेल वाजली. मिलिंदने दार उघडण्याआधीच माफीचं वाक्य जर्मनमध्ये जुळवून ठेवलं. दारात डेरेक उभा. त्याने इंग्रजीत अगदी नम्रपणे सांगितलं की आवाजाची काहीच तक्रार नाही, पण त्या पेटीतली एक पट्टी बेसूर आहे आणि गुरुवारपासून त्याला झोप लागलेली नाही. मग त्याने विचारलं की आत येऊन ऐकू का. आला, ईराच्या छोट्या खुर्चीवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसला, आणि ती पट्टी वाजली की दर वेळी डोळे मिटून घेत राहिला.

त्या दिवशी मी त्याला आपला चहा दिला, आलं घालून उकळलेला. तो एक घोट घेऊन म्हणाला की हा चहा नव्हे, हे सूप आहे. मग पेला पुढे करून म्हणाला की आणखी थोडं सूप असेल तर चालेल. तेव्हापासून संध्याकाळी आपला मग घेऊन खाली यायचा त्याचा परिपाठच पडला. जर्मन लोक चहा करत नाहीत, नुसता कप विसळतात, असं त्याचं मत होतं. आणि चहाबरोबर यायची ती पुस्तकाची पानं.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो ती मोठ्याने वाचायचा. मी भाजी चिरत ऐकायची. वाचून झालं की विचारायचा, पुरेसं कडवट झालंय ना? एकदा तो वाचता वाचता थांबला, पेन काढलं आणि एक ओळ खोडली. मी विचारलं, काय होतं. तर म्हणाला, चुकून लिहिलं गेलं होतं की तो मॅनेजर स्वभावाने बरा होता. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पुस्तक मात्र पहिल्या पानापासून कळलं. मिलिंद म्हणायचा तसं, ही सरळसरळ भाऊबंदकी होती, फक्त शेताच्या बांधाऐवजी गिटार.

या भाऊबंदकीतला मुख्य भाऊ म्हणजे नील. नील गायचा. दोघं एकाच गल्लीत समोरासमोरच्या घरांत वाढलेले. नीलच्या आईच्या स्वयंपाकघरात, तिच्याच भावाच्या जुन्या गिटारवर नीलने डेरेकला पहिल्यांदा बोटं कशी ठेवायची ते दाखवलं होतं. ही माहिती मला पुस्तकातून मिळाली नाही, उल्रिकेने दिली. उल्रिके डेरेकची बायको, दोन ट्राम-थांबे पलीकडे एका औषधांच्या दुकानात कामाला होती. कमी बोलायची, आणि बोलायची ते जिन्यात, पायऱ्या पुसण्याची पाळी तिची किंवा माझी असली की.

नीलवरचं प्रकरण डेरेकने आम्हाला एकाच दमात वाचून दाखवलं, तेही आवाज न चढवता. बँडला एक मोठं बक्षीस मिळालं होतं. टीव्हीवर समारंभ चालला होता, सगळे स्टेजवर गेले, बोलायला नील पुढे झाला. डावा हात त्याने डेरेकच्या खांद्यावर टाकला आणि उजव्या हातात ते बक्षीस धरून आभार मानायला सुरुवात केली. रेकॉर्ड कंपनीचे मानले, मॅनेजरचे, ड्रमरचे, गाडी चालवणाऱ्याचे, आईचे, आणि शेवटी आईच्या कुत्र्याचेसुद्धा. लोक हसले, टाळ्या झाल्या, सगळे खाली उतरले. डेरेकचं नाव आलंच नाही. सगळा वेळ हात मात्र त्याच्या खांद्यावर होता. त्याच आठवड्यात डेरेकने बँड सोडला, आणि पूर्वी एका दौऱ्यात भेटलेल्या उल्रिकेकडे कोलोनला निघून आला. त्यानंतर दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

वाचून झाल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला आमच्या नानाकाकांची गोष्ट सांगितली. धाकट्या भावाच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत नानाकाकांचं नाव छापायचं राहिलं. नानाकाका लग्नाला आले, पण मांडवात पाऊल ठेवलं नाही. सगळा दिवस कार्यालयाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला स्वतः 'या, या' म्हणत राहिले. डेरेकने अगदी लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, भाऊ माफी मागायला आला का? मी म्हटलं, नाही, तो म्हणाला छापखान्याची चूक. डेरेक म्हणाला, 'आमचा मॅनेजरही तेच म्हणाला.'

सुपरमार्केटचा प्रसंग याच सुमाराचा. मी भाजीपाशी उभी होते, पलीकडे डेरेक भरलेली ट्रॉली घेऊन बटाटे निवडत होता. वर स्पीकरवर ते गाणं सुरू झालं. डेरेकने हातातला बटाटा जागेवर ठेवला, ट्रॉली तिथेच सोडली, आणि तो चालत बाहेर गेला. जाता जाता मला म्हणाला, माझ्या आइस्क्रीमकडे लक्ष ठेव. काचेतून मला दिसत होता. दाराशी कुणाचा तरी कुत्रा बांधलेला होता, त्याच्या शेजारी हा हात खिशात घालून उभा. गाणं थांबल्यावर मी खूण केली तेव्हा आत आला. पुढे हे इतक्यांदा घडलं की आम्हीही त्याच्याबरोबर बाहेर जाऊ लागलो. थंडीत चौघंजण दुकानाच्या दाराशी उभे, ईरा कुत्र्याशी खेळतेय आणि डेरेक विचारतोय की संपलं का. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. आपलीच धून ऐकू येऊ नये म्हणून पळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता मंडळाचं सांगते. कोलोनच्या आमच्या मंडळाचे सचिव होते कुलकर्णीकाका. पंचवीस वर्षं जर्मनीत काढलेले, सावकाश बोलणारे, वाक्यागणिक जर्मन होकार भरत 'या, या' म्हणणारे. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी आम्ही एका शाळेचा हॉल घेतला होता. आवाजाची व्यवस्था बघायला कुणी नव्हतं, म्हणून मी डेरेकला विचारलं. तो म्हणाला की स्टेजवर चढणार नाही, पण वायरी जोडीन. दुपारपासून तो जमिनीवर पालथा पडून चिकटपट्ट्या लावत होता. पोरांचे नाच झाले, एक पोर माईकपुढेच भोकाड पसरून रडलं, नाटुकलं झालं, आणि सगळ्यांना भुका लागलेल्या असताना कुलकर्णीकाका आभार प्रदर्शनाला उभे राहिले.

आपल्याकडचं आभार प्रदर्शन काय असतं ते मी मराठी माणसाला सांगायला नको. कुलकर्णीकाकांना अभिमान होता की ते कागद न घेता आभार मानतात. कांदे चिरणाऱ्यांपासून सुरुवात झाली. प्रत्येक नावाला टाळ्या. डेरेक माझ्या शेजारी यंत्रापाशी बसला होता, त्याने विचारलं की हे काय चाललंय. मी म्हटलं, आभार मानताहेत. त्याने विचारलं, कुणाचे? मी म्हटलं, सगळ्यांचे. त्याने कानावरचे हेडफोन काढून ठेवले आणि सरळ बसला. गाडी देणाऱ्याचं नाव आलं, रांगोळी काढणाऱ्या बायकांचं आलं, हॉलच्या किल्ल्या देणाऱ्या शाळेच्या जर्मन माणसाचं आलं. डेरेक प्रत्येक नावाला इतरांपेक्षा जरा जास्तच जोरात टाळ्या वाजवत होता. शेवटी काका म्हणाले, 'अनवधानाने कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर क्षमा असावी. आता सर्वांनी जेवायला चलावं.' आणि खुर्च्या सरकल्या.

डेरेकचं नाव राहिलं होतं. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. तो वायरी गुंडाळत होता, एकेक, नीट. घरी येताना ट्राममध्ये त्याने एवढंच विचारलं की त्या गृहस्थांचं शेवटचं वाक्य काय होतं. मी सांगितलं. तो म्हणाला, 'चांगली सोय आहे. आधीच माफी मागून ठेवायची.'

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, जिन्यात धापा टाकण्याचा आवाज आला. कुलकर्णीकाका वर चढत होते, कोट-टाय घालून, हातात चकल्यांचा डबा. आमच्या दाराशी क्षणभर टेकले. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं आणि मग डोळ्याला डोळा लागला नव्हता. 'तू चल बरोबर, माझं इंग्रजी धड नाही आणि त्याचं जर्मन धड नाही,' म्हणाले. आम्ही वर गेलो. डेरेक पायजम्यातच दारात आला. काकांनी सगळं मनाशी जुळवून आणलेलं होतं. ते म्हणाले, 'डेरेक, काल मी तुमचं नाव घ्यायला विसरलो. चूक माझी आहे. माफ करा.' डेरेक गडबडून गेला आणि म्हणाला की छे छे, काहीच नाही. त्यावर काका जर्मनमध्ये म्हणाले की माणूस 'काहीच नाही' म्हणतो तेव्हा नक्की काहीतरी असतं, आणि सरळ आत जाऊन बसले.

चांगले तासभर बसले. नाव राहणं ही आमच्यात साधी गोष्ट नाही, हे त्यांनी डेरेकला समजावून सांगितलं. पूर्वी ते ज्या शहरात होते, तिथलं मंडळ पेटीवाल्याचं नाव राहिलं म्हणून फुटलं होतं, आणि आजतागायत तिथे दोन गणपती बसतात. हे मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा डेरेक मोठ्याने हसला. त्याला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग कितीतरी दिवस, चहा पिता पिता, मध्येच म्हणायचा, 'दुसऱ्या दिवशी सकाळी आले. रविवारी. तीन जिने चढून.'

मला वाटलं, आता याचा राग जरा निवेल. झालं उलटंच. आता त्याच्या हाती पुरावा आला होता की माफी कशी मागतात. उल्रिके एकदा जिन्यात फरशी पुसता पुसता थांबली आणि म्हणाली की पुस्तक छापून यायच्या आधी डेरेकने नीलला एक फोन करावा. एकदा ते प्रकरण छापलं की तो दरवाजा कायमचा बंद होईल. नीलची आई अजून दर नाताळला दोघांनाही कार्ड पाठवते आणि त्यात दर वेळी विचारते की तुम्ही पोरं बोलता का. 'त्याला वाटतं त्याला हे पुस्तक हवं आहे,' उल्रिके म्हणाली. 'त्याला नील हवा आहे.' मी धीर करून डेरेकपाशी विषय काढला. तो म्हणाला, 'नाव माझं राहिलं. यायचं त्याने. कुलकर्णी आले ना?' काकांच्या चकल्यांनी असा घोटाळा करून ठेवला होता.

पुढच्या दिवाळीत काकांनी सगळी भरपाई करायची ठरवली. आभार प्रदर्शनात पहिलंच नाव डेरेकचं, आणि नुसतं नाव नाही तर त्याला स्टेजवर बोलावून शाल आणि श्रीफळ. डेरेक स्टेजवर चढणार नाही म्हणाला होता, पण सगळा हॉल त्याच्याकडे तोंड करून टाळ्या वाजवायला लागला तेव्हा करतो काय. काकांनी त्याच्या जाकिटावर शाल पांघरली, हातात नारळ दिला. नारळ दोन्ही हातांत धरून तो तसाच उभा राहिला. याचं काय करायचं ते त्याला कळेना, आणि खाली उतरायचंही सुचेना. उल्रिके पहिल्या रांगेत होती, तिने मान हलवून सांगितलं की ये आता.

तो नारळ फोडून खायचा असतो, हे मी त्याला नंतर सांगितलं. त्याने ऐकलं नाही. पुस्तकाची पानं ज्या फळीवर असत, तिथेच नारळ ठेवला. शाल मात्र वापरली, लिहायला बसला की अंगावर असायची. तपकिरी जाकीट, त्यावर जरीकाठाची शाल, आणि समोर नीलच्या नावाने खडे फोडणारी पानं. ईरा त्याला बघून जर्मनमध्ये म्हणाली की डेरेककाका राजा झाला.

पुस्तक निघालं. इंग्लंडमधल्या एका लहान प्रकाशकाने छापलं. नीलचं प्रकरण त्यात जसंच्या तसं होतं, फोन झालेला नव्हता. आमच्या भागातल्या पुस्तकाच्या दुकानाने वाचनाचा कार्यक्रम ठेवला. तिकडे हा रिवाज आहे, लेखक टेबलाशी बसून आपलं पुस्तक वाचतो, टेबलावर एक दिवा आणि पाण्याचा पेला, आणि लोक चर्चमध्ये बसल्यासारखे बसतात. डेरेकच्या शेजारी उल्रिके बसली. सगळं पुस्तक तिनेच टाइप केलं होतं, आणि त्या संध्याकाळसाठी निवडक भाग जर्मनमध्येही केला होता. तो एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचा, ती तोच जर्मनमध्ये. तिच्या तोंडून तो निम्मा कडू लागायचा. बुटांच्या पानावर लोक खळखळून हसले. डेरेकने शाल घेतली होती.

वाचन संपलं, लोक टाळ्या वाजवून उठायच्या बेतात होते, तेवढ्यात डेरेक उभा राहिला. म्हणाला, थांबा, मी जिथे हे शिकलो तिथे याशिवाय कार्यक्रम संपत नाही. दुसऱ्या रांगेत माझ्या शेजारी कुलकर्णीकाका ताठ बसले. डेरेकच्या हातात कागद नव्हता. त्याने एक हात उल्रिकेच्या खांद्यावर ठेवला आणि सुरुवात केली. प्रकाशकाचे आभार मानले, दुकानाच्या बाईंचे, खुर्च्या मांडणाऱ्याचे. प्रत्येक नावाला काका एकटेच टाळ्या वाजवायचे, मग जर्मन लोक बिचकत साथ द्यायला लागले. सूप पाजल्याबद्दल आणि आइस्क्रीम सांभाळल्याबद्दल माझे आभार मानले, थंडीत दुकानाबाहेर उभं राहिल्याबद्दल मिलिंदचे. तीन जिने चढल्याबद्दल कुलकर्णीकाकांचे. तेव्हा काकांना टाळ्या वाजवता येईनात, चष्मा पुसत बसले.

मग डेरेक थांबला. पाणी प्यायला. म्हणाला, 'आणि नील. त्याने मला गिटारवर बोटं कुठे ठेवायची ते शिकवलं. त्याचे आभार मानायचे राहिले होते.'

काका चष्मा तसाच मांडीवर टाकून टाळ्या वाजवायला लागले. उल्रिकेने मान वर करून डेरेककडे पाहिलं. किती वर्षं ती या एका नावाची वाट बघत होती ते मला ठाऊक होतं, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मग डेरेक मराठीत, माझ्याकडून पाठ करून घेतलेलं वाक्य म्हणाला. ते कशासाठी हवंय हे त्याने मला सांगितलं नव्हतं. 'अनवधानाने कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर क्षमा असावी.' उच्चार भयंकर होते. लोक उठले, वाइनचे पेले भरले गेले, सगळीकडे बोलणं सुरू झालं.

मी मिलिंदला शोधत होते तेवढ्यात काकांनी माझं कोपर धरलं. त्यांचा चेहरा उतरला होता. 'अगं,' ते म्हणाले, 'उल्रिकेचं नाव?'

मी सगळी नावं मनाशी परत म्हणून बघितली. नव्हतं. खुर्च्या मांडणाऱ्याचं होतं, तिचं नव्हतं. ती तिकडे टेबलावरच्या दिव्याची वायर काढत होती. काका म्हणाले की हे त्याला आत्ताच सांगितलं पाहिजे, उद्यावर गेलं की वाढतं. आणि या विषयात त्यांच्याएवढं जाणकार तिथे दुसरं कोण होतं. ते डेरेकला बाजूला घेऊन गेले, मी मागोमाग. काकांनी अगदी हळू आवाजात सांगितलं.

डेरेक हसत होता तो थांबला. त्याने उल्रिकेकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे.

'पण ती तर इथेच होती,' तो म्हणाला. 'माझ्या शेजारी.'

आणि हे बोलल्याबरोबर त्याला आपण काय बोललो ते ऐकू आलं. तो खुर्चीवर बसला. त्याच्या खांद्यावरून शाल घसरली तिकडेही त्याचं लक्ष नव्हतं. काका काहीतरी बोलणार होते, मी त्यांना नको म्हणून खुणावलं. इतकी वर्षं तो एकच प्रश्न विचारत आला होता की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं नाव विसरेलच कसं कुणी. विसरतं ते असं. आपला म्हणून धरलेला असतो, म्हणून मोजायचा राहतो. मला त्याची फार दया आली, आणि त्या न पाहिलेल्या नीलचीही. उल्रिके दिवा घेऊन आली. काय झालं ते तिला कळलंच असणार. ती म्हणाली, काही नाही रे, चल घरी. 'काही नाही' ऐकल्यावर काकांनी माझ्याकडे पाहिलं.

त्याच महिन्यात आमचा परतीचा मुहूर्त होता. घरात खोकी भरलेली, भांडी निम्मी बांधलेली. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नाश्त्याला बसलो होतो आणि बेल वाजली. डेरेक दारात उभा, दाढी केलेली, जाकिटावर शाल नीट पांघरलेली, एका हातात त्याचा तो फळीवरचा जुना नारळ. म्हणाला, एक नवा नारळ मिळेल का, उल्रिकेच्या दुकानावर जायचंय, उघडायच्या आत पोचायला हवं. चटणीसाठी आणलेला एक शिल्लक होता, तो मी दिला. त्याने तो दुसऱ्या हातात घेतला.

मिलिंदने विचारलं की मग हा जुना कशाला बरोबर घेतलायस.

डेरेकने जुन्या नारळाकडे पाहिलं. म्हणाला, 'हा मला मिळालेला आहे. तिच्याकडून तसाच पुढे इंग्लंडला जाईन म्हणतो.' मग विचारलं, 'नारळ विमानात नेता येतो का?'

मिलिंद इंजिनिअर. तो हातातल्या सामानात काय चालतं आणि खालच्या सामानात काय चालतं ते सांगायला लागला. डेरेक मान डोलावत होता, पण तो जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलाही होता. मी खिडकीशी गेले. खाली रस्त्यावर तो थांब्याकडे चालला होता, दोन्ही हातांत एकेक नारळ, शाल वाऱ्याने मागे उडत होती. ट्राम आली. दार उघडण्याचं बटण दाबायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता. आतल्या कुणीतरी ते दाबलं आणि तो चढला.